वडी वाकडी असली तरी

घरी साबण करणारी मंडळी आता गावोगाव भेटतात. कोणी हौस म्हणून करते, कोणी बचत गटाचा जोडधंदा म्हणून, तर कोणी मोबाइलवर पाहून. हौसेला माझी हरकत नाही. आपल्याकडे उटणे, शिकेकाई, रिठे घरचेच असत, त्यात साबणाची भर पडली इतकेच. पण या हौसेपायी हात भाजून किंवा अंगाला खाज सुटून जे रुग्ण दवाखान्यात येतात, त्यांची हकिगत ऐकली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा लक्षात येते. पहिला साबण बहुधा बरा झालेला असतो. तो दुकानातल्यासारखा दिसत नाही म्हणून पुढे जे उपद्व्याप केले जातात, त्यांत इजा होते.

मागे एक बाई कोपरापर्यंत भाजलेला हात घेऊन आल्या. वड्यांवर पांढरी भुकटी आली होती. घरातल्यांनी नावे ठेवली, म्हणून त्यांनी त्या किसून पातेल्यात घातल्या, 'सोडा कमी पडला असेल' या समजुतीने त्यात आणखी कॉस्टिक सोड्याचे पाणी ओतले आणि गॅसवर ठेवले. रटरटणारा साबण अंगावर उडाला की नुसत्या पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो. त्यात वरचा सोडा. शेजारी त्यांचा चार वर्षांचा मुलगा उभा होता. त्याच्यावर काही उडाले नाही, हे नशीबच म्हणायचे.

आता ती पांढरी भुकटी म्हणजे काय? साबण साच्यात असताना वरच्या थरातला थोडा कॉस्टिक सोडा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळतो आणि त्याचा धुण्याचा सोडा होतो. तो बोटाने पुसला जातो, पाण्याने धुतला जातो. त्याने त्वचेचे काही बिघडत नाही. वडीच्या मधोमध गडद गोल दिसतो, तोही दोष नव्हे. साबण तयार होताना आतला भाग जास्त तापतो आणि कडा लवकर निवतात, त्याची ती खूण. कडुनिंबाचा हिरवा रंग महिन्याभरात तपकिरी होतो, तो होणारच. हळद घातली तर मिश्रण आधी लालसर दिसते. हळदीला चुना लागला की ती लाल होते आणि त्यावरच आपले कुंकू तयार होते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. पुढे तो रंग विटकरी होतो व उन्हात उडतो. पावसाळ्यात वडीला घाम फुटतो, कारण घरच्या साबणात ग्लिसरीन राहते आणि ते हवेतली ओल ओढून घेते.

फेसाची तक्रार तर सगळ्यांचीच. आपल्याकडे अनेक ठिकाणी बोअरचे पाणी जड. त्यातल्या क्षारांशी साबण मिळाला की चोथा होतो, फेस होत नाही. दुकानातला साबणही तिथे फारसा फेसाळत नाही, पण दोष मात्र घरच्याला! हात स्वच्छ होतात ते साबण लावून नीट चोळल्याने आणि भरपूर पाण्याने धुतल्याने. २०२० साली कोरोनाच्या काळात वीस सेकंद हात चोळा, असे आपण सगळ्यांनी ऐकले. वडी सुबक असावी, असे त्यात कुठे म्हटले नव्हते.

रूप सुधारण्याच्या नादात सुगंधाचा अतिरेक होतो. वास टिकत नाही म्हणून दुप्पट अत्तर, मग तिप्पट. सुगंधी द्रव्ये हे त्वचेच्या ॲलर्जीचे नेहमीचे कारण आहे, आणि मानेवर, काखेत लाल चट्टे उठलेले रुग्ण मला यातूनच मिळतात. दुसरा प्रकार लिंबाचा. साबण 'सौम्य' व्हावा म्हणून त्यात लिंबू पिळतात. आपल्या त्वचेचा पीएच साडेपाचच्या आसपास असतो आणि खऱ्या साबणाचा नऊ ते दहा. साडेपाचचा म्हणून विकतात ती वडी रासायनिक दृष्ट्या साबण नसतेच, ती दुसऱ्या फेसकारक द्रव्यांची असते. तयार साबणात आम्ल घातले तर साबण फुटून तेलकट आम्ले वेगळी होतात. सौम्य साबण मिळत नाही, चिकट लगदा मिळतो. मग तो सुधारायला पुन्हा सोडा!

पण याचा अर्थ सगळेच खपवून घ्या असा नव्हे. एका बाबतीत जराही सूट नाही, ती म्हणजे तेल आणि सोड्याचे माप. एक किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. थोडे तेल शिल्लक राहावे म्हणून जाणकार पाच टक्के कमी, म्हणजे साधारण १७४ ग्रॅम घेतात. शेंगदाणा तेलाला मात्र किलोमागे सुमारे १३६ ग्रॅमच पुरतो. खोबरेल महाग झाले म्हणून तेल बदलले आणि माप तेच १७४ ठेवले, तर ३८ ग्रॅम सोडा मोकळा राहतो. अशी वडी दिसायला छान, कडक, पांढरीशुभ्र होते आणि अंग सोलून काढते. म्हणून वाटी-चमच्याने मोजू नका, वजनकाटा वापरा.

वडी कापल्यावर आत काचेसारखे टणक पांढरे कण दिसले, पाणी किंवा तेल वेगळे सुटून आले, किंवा ओल्या साबणावर पीएचचा कागद अकराच्या पुढे गेला, तर ती अंगाला लावू नये. काही जण जिभेवर टेकवून पाहतात. तो प्रकार मला मुळीच पसंत नाही. चार ते सहा आठवडे वड्या हवेशीर जागी सुकू द्याव्यात. प्रदर्शन परवा आहे म्हणून आठ दिवसांचा साबण मांडू नये. आणि विक्री करायची तर सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो, याची गटांनी आधी चौकशी करावी.

करताना हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. भांडे स्टीलचे घ्यावे. ॲल्युमिनिअमचे घेतले तर सोडा ते खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. सोडा पाण्यात हळूहळू घालावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळते. अंगावर उडाले तर भिजलेले कपडे काढून वाहत्या पाण्याखाली निदान अर्धा तास धरावे. लिंबू, व्हिनेगर, तूप, टूथपेस्ट काहीही लावू नये. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ पाणी सोडावे आणि तडक नेत्रतज्ज्ञाकडे जावे. हा सोडा डोळ्यात आत आत शिरत जातो, थांबण्यासारखी ही वेळ नसते. मुलाने गिळला तर उलटी करवू नये, सरळ रुग्णालय गाठावे.

आणखी एक सांगायला हवे. घरच्या साबणाने गजकर्ण बरे होत नाही, मग त्यात कडुनिंब असो की गंधक. इसब असलेल्यांनी आणि तान्ह्या बाळांसाठी तो वापरूच नये. बाकीच्यांनी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला दोन-चार दिवस लावून पाहावा.

वाकड्या कापल्या गेलेल्या आणि कडा तुटलेल्या, पण नीट मुरलेल्या वड्या फेकू नयेत. मोरीपाशी जाळीच्या साबणदाणीत ठेवाव्यात, म्हणजे पाणी निथळते आणि त्या विरघळत नाहीत. तेलाला खवट वास येऊन नारिंगी ठिपके पडलेली वडी भांड्यांना किंवा पायपुसण्यांना चालते. उरलेला कॉस्टिक सोडा मात्र घट्ट झाकणाच्या बरणीत, ठळक चिठ्ठी लावून, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवावा. मिठाच्या किंवा खडीसाखरेच्या रिकाम्या डब्यात कधीच नको.