लाडक्या प्रशिक्षकाला निरोप : सिराक्यूज विद्यापीठाचा धडा

ज्या प्रशिक्षकाच्या नावाने मैदान ओळखले जाते, त्याला ‘आता पुरे’ असे कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हा प्रश्न अमेरिकेतील विद्यापीठांपुढे गेल्या काही वर्षांत वारंवार उभा राहिला आहे. २०२१ ते २०२४ या काळात नॉर्थ कॅरोलायनाचे रॉय विल्यम्स, ड्यूकचे माइक शशेफ्स्की, विलानोव्हाचे जे राइट, सिराक्यूजचे जिम बेहाइम आणि व्हर्जिनियाचे टोनी बेनेट हे बास्केटबॉलचे पाच राष्ट्रीय विजेते प्रशिक्षक पाठोपाठ पायउतार झाले. इतरांनी आपल्या निवृत्तीची घोषणा स्वतः केली. बेहाइम यांच्या कारकिर्दीचा शेवट मात्र विद्यापीठाच्या एका पत्रकाने झाला. सन्मानाने निरोप देणे कशाला म्हणावे, याचा विचार करण्यासाठी हेच उदाहरण अधिक बोलके आहे.

भारतात आंतरविद्यापीठ स्पर्धांकडे सामान्य प्रेक्षकाचे फारसे लक्ष नसते. अमेरिकेत परिस्थिती वेगळी आहे. दरवर्षी मार्च महिन्यात होणारी राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा तेथे देशभर पाहिली जाते. या खेळात खेळाडू चार वर्षांत किंवा त्याहूनही लवकर निघून जातात, विद्यापीठाचे प्रमुखही बदलतात; टिकून राहतो तो प्रशिक्षक. त्यामुळे अनेक गावांत तो नोकरदार राहत नाही, संस्थेची ओळख बनतो. त्याला निरोप देणे अवघड जाते ते यामुळेच.

सहा दशकांचे नाते

बेहाइम १९६२ मध्ये विद्यार्थी म्हणून सिराक्यूजला आले. शिष्यवृत्ती नसताना त्यांनी संघात जागा मिळवली. १९६९ मध्ये ते तेथेच साहाय्यक झाले आणि १९७६ मध्ये मुख्य प्रशिक्षक. पुढील ४७ हंगाम त्यांनी दुसरे विद्यापीठ पाहिले नाही. २००२ मध्ये मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले आणि २००३ मध्ये कार्मेलो अँथनीचा समावेश असलेल्या त्यांच्या संघाने कॅन्ससला हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले.

या कारकिर्दीला डागही लागला. संघातील नियमभंगाच्या प्रकरणांवरून महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २०१५ मध्ये त्यांना नऊ सामन्यांसाठी निलंबित केले. त्यांचे १०१ विजयही नोंदीतून काढून टाकण्यात आले. प्रत्यक्षात १११६ सामने जिंकलेल्या बेहाइम यांच्या नावावर अधिकृतपणे १०१५ विजयच उरले.

हुकलेली संधी

निरोपाचा नीट आखलेला मार्ग त्याच वर्षी तयार झाला होता. बेहाइम आणखी तीन हंगामांनंतर निवृत्त होतील, असे विद्यापीठाने जाहीर केले. जुने सहकारी माइक हॉपकिन्स यांची भावी मुख्य प्रशिक्षक म्हणून निवडही झाली. मुदत ठरली होती, वारसही ठरला होता. परंतु मार्च २०१७ मध्ये हॉपकिन्स यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारले आणि सिराक्यूजने बेहाइम यांचा करार वाढवला.

हा निर्णय त्या वेळी स्वाभाविक वाटला. वारस गेला, जुना जाणता माणूस हाताशी होता, आणि आदल्याच वर्षी त्याने संघाला राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत नेले होते. मात्र पहिली मुदत मोडल्यावर नवी मुदत जाहीरपणे ठरली नाही. येथेच खरी चूक झाली. त्यानंतर निवृत्तीचा प्रश्न प्रत्येक पराभवानंतर विचारला जाऊ लागला आणि त्याचे उत्तर कोणी द्यायचे, हेच संदिग्ध राहिले. २०२१-२२ चा हंगाम १६ विजय आणि १७ पराभव असा संपला. पराभवांची संख्या विजयांहून अधिक असण्याची बेहाइम यांच्या कारकिर्दीतील ही पहिलीच वेळ होती.

तीन तासांतील शेवट

८ मार्च २०२३ रोजी ग्रीन्सबरो येथे वेक फॉरेस्टने अखेरच्या क्षणी केलेल्या तीन गुणांच्या बास्केटमुळे सिराक्यूजचा ७७-७४ असा पराभव झाला. सामन्यानंतर पत्रकारांनी भवितव्याबद्दल विचारले, तेव्हा निर्णय विद्यापीठाचा आहे, असे बेहाइम म्हणाले. निवृत्तीचे संकेत आपण आधीच दिले होते, ते कोणाच्या लक्षात आले नाहीत, असेही त्यांनी सुचवले. सुमारे तीन तासांत विद्यापीठाने त्यांचे साहाय्यक आणि सिराक्यूजचे माजी खेळाडू एड्रियन ऑट्री यांची नियुक्ती जाहीर केली. बेहाइम निवृत्त झाले की त्यांना दूर करण्यात आले, हे त्या पत्रकात स्पष्ट नव्हते.

दोन दिवसांनी पत्रकार परिषद झाली आणि निवृत्ती हा शब्द तेथे उच्चारला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये विद्यापीठाने सामन्याच्या निमित्ताने त्यांचा गौरवही केला. परंतु त्या रात्रीच्या संदिग्धतेची भरपाई नंतरच्या टाळ्यांनी पूर्णपणे होत नाही. बदलाची आवश्यकता होती, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो रीतीबद्दल, आणि ती बिघडण्यास एकच बाजू कारणीभूत नव्हती. बेहाइम यांनी स्पष्ट बोलणे टाळले. विद्यापीठानेही ते वेळेवर केले नाही.

दोन टोकांची उदाहरणे

ड्यूक विद्यापीठाने वेगळी वाट निवडली. शशेफ्स्की यांनी जून २०२१ मध्येच आगामी हंगाम शेवटचा असल्याचे जाहीर केले आणि त्याच वेळी माजी खेळाडू व साहाय्यक जॉन शायर यांचे नाव वारस म्हणून घोषित झाले. निरोपाचा हा सोहळा वर्षभर लांबला, अशी टीका झाली. पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या या प्रशिक्षकाच्या वाट्याला घरच्या मैदानावरील अखेरच्या सामन्यात आणि नंतर राष्ट्रीय उपांत्य फेरीतही कट्टर प्रतिस्पर्धी नॉर्थ कॅरोलायनाकडून पराभवच आला. तरीही कोण जात आहे आणि कोण येत आहे, याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. २०२५ मध्ये शायर यांनी संघाला पुन्हा उपांत्य फेरीत नेले.

दुसरे टोक इंडियानाचे. तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे बॉब नाइट यांच्या संतापी वर्तनाकडे दीर्घकाळ काणाडोळा झाला. मे २००० मध्ये त्यांना अखेरची ताकीद मिळाली आणि सप्टेंबरमध्ये, एका विद्यार्थ्याबरोबरच्या प्रसंगानंतर, बडतर्फ करण्यात आले. विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. नाइट इंडियानाच्या मैदानावर परतले ते थेट फेब्रुवारी २०२० मध्ये. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेने कठोर निर्णय घेतला म्हणून तो चुकीचा ठरत नाही. मात्र आधीची अनेक वर्षे मवाळपणे वागल्यानेच शेवट इतका कडवट झाला, हे नाकारता येत नाही.

बदललेला खेळ

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर व प्रसिद्धीवर कमाई करता येते. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. विद्यापीठ बदलणेही खेळाडूंना सोपे झाले आहे. संघ दरवर्षी नव्याने बांधावा लागत असताना, प्रशिक्षकाच्या भवितव्याची अनिश्चितता संस्थेला पूर्वीपेक्षा महाग पडते.

म्हणून सन्मानाची कसोटी निरोप समारंभात शोधण्यात अर्थ नाही. मुदत दोघांनी मिळून ठरवावी, ती मोडली तर लगेच नवी ठरवावी, वारसाचे नाव वेळेवर सांगावे आणि जाणाऱ्याला आपल्या तोंडून ‘मी जातो’ म्हणण्याची संधी द्यावी, एवढ्या साध्या गोष्टींवर ती अवलंबून आहे. प्रेमापोटी अप्रिय संभाषण पुढे ढकलणे हा आदर वाटतो. पण पुढे ढकललेले ते संभाषण शेवटी एखाद्या पराभवाच्या रात्री घाईने उरकावे लागते, आणि त्यात अवमान होतो तो ज्याच्यासाठी ते टाळले त्याचाच.