आधी झोप विचारा, मग स्वप्न

थेरेस बेनेडेक आणि बोरिस रुबेनस्टाइन यांनी १९४२ साली स्त्रीच्या मासिक चक्रावर एक पुस्तक लिहिलं. शिकागोत मनोविश्लेषणाचे उपचार घेणाऱ्या बायकांचा योनिस्राव आणि शरीराचं तापमान तपासून रुबेनस्टाइन चक्राचा टप्पा ठरवत. बेनेडेक त्याच बायकांनी सांगितलेली स्वप्नं वाचून तो टप्पा ओळखत. दोन्ही उत्तरं जुळतात, असा त्यांचा दावा होता. बीज सुटण्याआधी बाईचं मन पुरुषाकडे ओढ घेतं, सुटल्यावर ते आत वळतं आणि माया मागतं, असं त्यांनी मांडलं.

दोघांनी वेगवेगळं काम करून मग ताळा घेतला, ही पद्धत चांगलीच होती. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. बायका मोजक्या, त्याही उपचार घेणाऱ्या. शिवाय ‘ओढ घेणं’ आणि ‘आत वळणं’ हे साचे फ्रॉइडच्या शिकवणीतून आलेले. त्यांत कुठलंही स्वप्न बसवता येतं. अमुक दिवशी पाणी दिसणार, तमुक दिवशी बाळ दिसणार, ही आजची भाकितंही त्याच माळेतली.

मग पाळीचा आणि स्वप्नांचा संबंधच नाही का? आहे, आणि तो झोपेतून जातो. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं. ज्या झोपेत बंद पापण्यांखाली बुबुळं भिरभिरतात, ती रेम झोप या काळात किंचित कमी होते. सर्वांत ठसठशीत स्वप्नं तिथलीच. पाळी जवळ आली की अनेकींची झोप वारंवार मोडते. स्वप्न चालू असताना जाग आली तर ते लक्षात राहतं, सलग झोपेत विरून जातं. म्हणून ‘पाळीच्या आधी फार स्वप्नं पडतात’ असं सांगणारी बाई खोटं बोलत नाही. तिला ती जास्त आठवत असतील. ओटीपोटातली कळ तर झोप मोडतेच.

पण ती झोपते कुठे, हे कोण विचारतं? गडचिरोलीत माडिया वस्त्यांमध्ये पाळीच्या दिवसांत बायका कुर्माघरात राहतात. त्यातली कित्येक घरं म्हणजे कुडाच्या भिंतींच्या खोपी: खाली ओल, वर गळकं छप्पर, दाराचा पत्ता नाही, पावसाळ्यात साप-विंचवाची भीती. तिथे रात्र काढणाऱ्या बाईला स्वप्नात साप दिसला, तर त्याचा अर्थ तिच्या संप्रेरकांत शोधणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिला कोरडी जमीन आणि कडी लागणारं दार हवं आहे.

दुसऱ्या टोकाला ‘पाळी आली असेल, म्हणून भलतंसलतं दिसतंय’ म्हणत बाईला उडवून लावणारे लोक आहेत. त्यांचा मला जास्त राग येतो. घरात मार खाणारी बाई घाबरून दचकून उठते, तेव्हा हेच वाक्य मार झाकायला कामी येतं. तारीख जुळली म्हणजे कारण सापडलं, असं होत नाही.

दर महिन्याला वाईट स्वप्नांनी हैराण होणारीने वहीत पाळीची तारीख लिहावी, रात्री किती वेळा जाग आली, दुखलं का, कुठली गोळी घेतली, घरात काय घडलं तेही लिहावं आणि मग स्वप्न. दोन-तीन महिन्यांची ही पानं घेऊन डॉक्टरकडे जावं. दुखण्यावर औषध आहे, पाळीआधीच्या तीव्र उदासीवरही आहे. मार असेल, तर ती वही पोलिसांपुढेही ठेवता येते.