अस्मानी, सुलतानी आणि बंदूक



हवामान बदलले की लढाया वाढतात, असे आता जगभर बोलले जाते. शेजारच्या गडचिरोलीत १९८० नंतर बंदुकीने काय केले ते भंडाऱ्याने जवळून पाहिले. म्हणून हे म्हणणे तपासलेच पाहिजे. आम्हाला ते अर्धेच खरे वाटते.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये पाऊस हुकला. मुलूख कोरडवाहू, ज्वारी-बाजरीचा. लाखो माणसे मेली. सरकारने दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला एक रतल धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. दुष्काळी गावे फिरून पाहिलेले पुण्यातले एक कारकून, वासुदेव बळवंत फडके, १८७९ मध्ये रामोशी, कोळी, धनगर गडी घेऊन सावकारांवर चालून गेले. गरिबांना काम द्या, ही त्यांच्या जाहीरनाम्यातली मागणी होती.

१९७२ चा दुष्काळही मोठाच. मिलो आणि सुकडी खाल्लेली माणसे आजही आपल्या बैठकांना येतात. पण १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख मजूर दुष्काळी कामांवर होते. लोक मोर्चे काढून भांडले आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. अस्मानी दोन्ही वेळा आली. फरक पडला तो सुलतानीत.

सीरियात २००६ नंतर सलग दुष्काळ पडला. त्यातच २००८ मध्ये सरकारने डिझेलचे अनुदान कापले, भाव तिपटीवर गेला. शेतकरी कुटुंबे गाव सोडून शहरांच्या कडेला आली. २०११ मध्ये युद्ध पेटले. त्यात दुष्काळाचा वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण पिचलेल्याला आणखी पिचणारे सरकारच होते.

आता हवा तापते आहे. एका अंशाला ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते. म्हणून पाऊस पडतो तो धो धो, आणि मधले खंड लांबतात. कपाशीची दुबार पेरणी, काढणीला काळी पडलेली ज्वारी, २०२० च्या ऑगस्टअखेरचा वैनगंगेचा पूर, अशी वर्षे वाढणार.

तेव्हा बैठकीत हे ठरवू. पावसाचा खंड पडला की कर्जवसुली थांबलीच पाहिजे. पैसेवारी वेळेत आणि खरी लागली पाहिजे. गावात काम मागण्याआधी काम निघाले पाहिजे. आणि प्रत्येक गावाने पावसाच्या तारखा स्वतःच्या वहीत लिहाव्यात, म्हणजे तहसीलदारासमोर आपला कागद असेल.

पोरांच्या हाती कागद असेल, तर त्यांना दुसरे काही धरावे लागणार नाही.