दोष मांडणीचा

अ‍ॅप आणि वेबसाइटचं डिझाइन शिकणाऱ्यांनी डॉन नॉर्मन यांचं ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ सगळ्यात आधी वाचावं. १९८८ साली ते वेगळ्या नावाने आलं, २०१३ मध्ये सुधारून निघालं. त्यात दारं, नळ, शेगड्या अशा रोजच्या वस्तूंची चर्चा रंगते. चार बर्नर चौकोनात आणि त्यांची बटणं एका ओळीत असली, की कुठलं बटण कशाचं हे दर वेळी शोधावं लागतं. दोष मांडणीचा, पण माणूस बोल लावतो स्वतःला. बँकेच्या अ‍ॅपपुढे अडखळणाऱ्या आपल्या आईवडिलांचंही हेच होतं. त्यानंतर स्टीव्ह क्रग यांचं छोटेखानी ‘डोन्ट मेक मी थिंक’ घ्या. रंग-फॉन्टांवरची जाडजूड पुस्तकं नंतर वाचली तरी चालतील.