उसन्या हुशारीचें भय

गेल्या महिन्यांत माझा पुतण्या पुण्याहून घरीं आला. एका कंपनींत तो सॉफ्टवेअर लिहिण्याचें काम करतो. नुकतीच त्याला बढती मिळाली, म्हणून वहिनींनीं शेजारीपाजारीं पेढे वाटले. रात्रीं मात्र तो गच्चीवर मजजवळ येऊन बसला आणि हलक्या आवाजांत म्हणाला, “काका, मीं राजीनामा लिहून ठेवला आहे. आजवर सारें नशिबानें निभावलें. मला कांहीं येत नाहीं, हें एक दिवस सर्वांना कळेल. त्यापूर्वीं बाहेर पडलेलें बरें.”

वाचकहो, ही केवळ आमच्याच घरची कथा नव्हे. पदव्या आणि मानमरातब मिळूनहि ‘आपण तोतये आहोंत’ असें ज्यांना वाटे, अशा कर्तबगार स्त्रियांविषयीं अमेरिकेंतील पॉलिन क्लान्स व सुझॅन आइम्स या मानसशास्त्रज्ञ विदुषींनीं १९७८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. पुढें पुरुषांतहि हाच अनुभव आढळला. त्या निबंधांतील घरासंबंधींचें एक निरीक्षण आपणांस अंतर्मुख करणारें आहे. ‘हिला सारें सहज येतें’ असें जिच्याविषयीं घरांत म्हटलें जाई, तिला पुढें एखादी गोष्ट कष्टानें साधावी लागली कीं स्वतःच्या बुद्धीचाच संशय येई. आम्हींहि हेंच केलें नाहीं काय? ‘आमचा बाळ एकपाठी’ असें आल्यागेल्यास सांगतांना आम्हां सर्वांस केवढा अभिमान वाटे!

त्याच्या धंद्यांत तर रोज नवें शिकावें लागतें. लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यांतच दोन कोटींहून अधिक ओळी आहेत. एका डोक्यांत त्या कशा मावाव्यात? डोनाल्ड कनूथ हे या शास्त्रांतले आचार्य. त्यांनीं ‘टेक’ या आपल्या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमधील आठशेंहून अधिक चुका व फेरफार यांची यादी १९८९ सालीं स्वतःच छापली. आपल्या ग्रंथांतील चूक प्रथम दाखविणारास २.५६ डॉलरचें बक्षीसहि लावलें. त्यानें त्यांचें आचार्यपद ढळलें नाहीं.

मीं त्याची स्तुति केली नाहीं. एवढेंच म्हणालों, “वर्षभरांत काय अडलें, कोणाला विचारलेंस आणि शेवटीं तें कोणीं पुरें केलें, तेवढें लिहून काढ.” सकाळीं त्यानें वही पुढें ठेवली. तेरा अडचणी होत्या. चार ठिकाणीं त्यानें दुसऱ्याची मदत घेतली होती, दोनदां तो चुकला होता. उरलेलें सारें त्याच्या स्वतःच्या खटपटीचें होतें. ‘नशीब’ हा शब्द एकाहि ओळींत बसेना.

राजीनामा त्यानें फाडला नाहीं. खिशांत घालूनच तो परत गेला. परवां त्याचा फोन आला. जें समजत नाहीं म्हणून तो चार महिने लपवीत होता, तें त्यानें अखेर वरिष्ठांना विचारलें. ते म्हणाले, “मलाहि तें पुरतें उमगलेलें नाहीं. बसून पाहूं.”

मुलांनीं यश मिळविलें तर पेढे अवश्य वाटावे. परंतु ‘किती हुशार!’ म्हणण्यापूर्वीं ‘कुठें अडलास?’ असें एकदां विचारावें. ‘मला येत नाहीं’ हें वाक्य ज्या घरांत लाज न वाटतां बोलतां येतें, त्या घरच्या मुलाला बाहेर तें लपवावें लागत नाहीं.