दाहातला कोणता धागा तोडायचा?

तीव्र इन्फ्लुएन्झात फुप्फुसावर दुहेरी घाव बसतो. विषाणू श्वासमार्गाच्या पेशी मारतो. त्याला आवरायला धावलेली प्रतिकारयंत्रणा सायटोकाइन ही संदेशवाहक प्रथिने इतकी सोडते की वायुकोशांच्या पातळ भिंती सुजतात, आत पाणी झिरपते आणि रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तेव्हापासून ऑसेल्टामिविर हे नाव महाराष्ट्रात घरोघर पोचले. हे औषध विषाणूचा फैलाव रोखते, पण ते लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू झाले तर उत्तम. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालीसारख्या गावात तापाचे पहिले दोन दिवस काढा आणि पॅरासिटामॉलवर निघतात. रत्नागिरीच्या रुग्णालयाची वाट धरली जाते ती धाप लागल्यावर. म्हणून उशिरा देऊनही उपयोगी पडेल अशा दाहशामक उपचाराचा शोध मोलाचा आहे.

हाँगकाँगच्या संशोधकांनी २००८ मध्ये उंदरांना एच५एन१ विषाणूची जबर मात्रा दिली. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांवर आलेला बर्ड फ्लू याच जातीचा. उपचार मुद्दाम ४८ तास उशिरा सुरू केले. नुसत्या झानामिविर या विषाणूरोधक औषधावर १३.३ टक्के उंदीर जगले. त्याला सांधेदुखीवरचे सेलेकॉक्सिब आणि मोठ्या आतड्याच्या दाहावरचे मेसालाझिन यांची जोड दिली तेव्हा ५३.३ टक्के जगले. विषाणू झानामिविरने दोन्ही गटांत कमी केलाच होता. जोड मिळालेल्यांच्या फुप्फुसात दाह कमी होता. विषाणू आवरला तरी दाह जीव घेऊ शकतो, हे इथे लख्ख दिसते.

मात्र दाह सरसकट दाबून भागत नाही. अमेरिकेतील सेंट ज्यूड संस्थेच्या २००७ च्या प्रयोगात एकेका सायटोकाइनचे जनुक काढलेले उंदीर एच५एन१ने मेलेच, स्टेरॉइड दिलेलेही वाचले नाहीत. विषाणूला हुसकावण्याचे कामही याच प्रतिकारयंत्रणेचे आहे.

खरी आशा वाटते ती २०२४ च्या कामाकडे पाहून. संसर्ग झालेली पेशी दोन तऱ्हांनी मरते. एक तऱ्हा शांत: पेशी आतल्या आत आवरून घेते आणि विषाणूचा कारखाना बंद पडतो. दुसरीत पेशी फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि आजूबाजूला दाह भडकतो. आरआयपीके३ या प्रथिनाचा दोन्हींत हात असतो. सेंट ज्यूडच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह तपासलेले यूएच१५-३८ हे संयुग फक्त फुटण्याची वाट अडवते, शांत मरण चालू ठेवते. संसर्गानंतर पाच दिवसांनी सुरू करूनही त्याने उंदीर वाचवले. दाहातला नेमका धागा तोडण्याची ही रीत सर्वांत शहाणपणाची दिसते.

तरी उंदीर म्हणजे माणूस नव्हे. प्रयोगशाळेतील बहुतेक जातींत इन्फ्लुएन्झाविरोधी एमएक्स१ जनुक निकामी असते, विषाणू बहुधा उंदरांना सरावलेला असतो आणि संसर्गाची वेळ घड्याळ लावून ठरलेली असते. खोकणारे-शिंकणारे फेरेट माणसाच्या अधिक जवळचे, म्हणून पुढची चाचणी अनेकदा त्यांच्यावर होते. स्टेरॉइडचा माणसातला अनुभवही सावध करणारा आहे. जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने प्राणवायू लागणाऱ्या कोविड रुग्णांचे मृत्यू घटवले. इन्फ्लुएन्झाच्या रुग्णांच्या निरीक्षणांत मात्र स्टेरॉइड घेणाऱ्यांत मृत्यू अधिक आढळले. ही निरीक्षणे चाचण्यांइतकी भक्कम नाहीत, कारण स्टेरॉइड मुळात अधिक गंभीर रुग्णांनाच दिले जाते. तरीही दुसरे कारण नसेल तर तीव्र इन्फ्लुएन्झात ते देऊ नये, असाच जागतिक आरोग्य संघटनेचा २०२४ चा सशर्त सल्ला आहे. तापाच्या गोळ्यांबरोबर दुकानातून परस्पर स्टेरॉइड घेण्याला त्यामुळे कोणताही आधार उरत नाही.