आमचं दुकान समाजकार्य नाही, धंदा आहे

परवा दुकानात एक गृहस्थ आले होते. शिकलेले, चांगल्या पदावरचे, बोलायला अत्यंत नम्र. बरोबर सातेक वर्षांची मुलगी. अर्धा तास होते. मुलीने खाली बसून तीन पुस्तकं वाचली, त्यातली दोन छातीशी धरून ठेवली. बाबांनी मोबाइल काढला, दोन्ही पुस्तकांच्या मागच्या-पुढच्या पानांचे फोटो काढले आणि तिथेच उभं राहून ऑनलाइन किंमत बघितली. मग मुलीच्या हातातून पुस्तकं सोडवून काउंटरवर ठेवली. "घरी येतील ती परवा," असं तिला सांगितलं आणि मला म्हणाले, "मॅडम, फार मोठं समाजकार्य करताय. असंच चालू ठेवा."

मला राग त्या पुस्तकांचा नाही आला. फोटो काढणारे रोज दोन-तीन असतात. राग 'समाजकार्य' या शब्दाचा आला. अकरा वर्षं ऐकतेय. आज जरा सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मंडळी, मी मुलांच्या पुस्तकांचं दुकान चालवते. सांगलीत. दुकानाला भाडं आहे, वीजबिल आहे, एका मुलीचा पगार आहे, वर्षाला ऑडिटवाल्याची फी आहे. आणि हो, दुकान नफ्यात आहे. हे ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा जरा पडतो, असा माझा अनुभव आहे. पुस्तकवाली बाई हलाखीत असली की कौतुक करायला बरं पडतं. नफ्यात असली की 'मग डिस्काउंट का देत नाही' हा पुढचा प्रश्न.

म्हणून हिशोबच मांडते. मराठी बालपुस्तकावर मला सरासरी ३० टक्के सुटतात. कुठे ३५, कुठे २५. भाडं, पगार, वीज, वाहतूक आणि माझ्या घरी न्यायचे पैसे धरून महिन्याला ४५ हजार लागतात. म्हणजे दीड लाखाची विक्री व्हायला हवी. मराठी चित्रपुस्तकांच्या किमती तुम्हाला माहीत आहेत. माझ्याकडे एका पुस्तकाची सरासरी किंमत पडते ११० रुपये. म्हणजे महिन्याला साधारण १३६० पुस्तकं, दिवसाला ५२. सांगलीसारख्या गावात दिवसाला ५२ बालपुस्तकं! एवढी विकली तर मी तरते. आता यातून तुम्हाला २० टक्के सूट दिली, तर मला उरतात १० टक्के आणि ५२ च्या जागी दीडशे पुस्तकं विकावी लागतात. कुणाला?

ऑनलाइनवाल्यांना जमतं, कारण त्यांना पुस्तकात कमवायचंच नसतं. पुस्तक ही तुम्हाला आत ओढायची वस्तू. पुढे मिक्सर विकायचा असतो. फ्रान्समध्ये हे ओळखून १९८१ मध्येच कायदा केला: पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवणार आणि कुठल्याही दुकानाने ५ टक्क्यांपेक्षा जास्त सूट द्यायची नाही. ऑनलाइन कंपन्या फुकट घरपोच द्यायला लागल्या तेव्हा त्यांनी तीही पळवाट बुजवली. २०२३ पासून तिथे ३५ युरोच्या आतली नवी पुस्तकं मागवली तर किमान ३ युरो घरपोच आकार घ्यावाच लागतो. तिथे गावोगाव पुस्तकाची दुकानं टिकली, त्यात या कायद्याचा हात आहे. आपल्याकडे असला कायदा मागायला कुणी उभं राहत नाही. प्रकाशकसुद्धा नाही.

पण खरं सांगू का, माझं भांडण ऑनलाइनशी दुसऱ्या नंबरचं आहे. पहिल्या नंबरचं भांडण आपल्या शाळांशी आहे.

'हल्लीची मुलं वाचत नाहीत.' हे वाक्य मी सर्वांत जास्त कुणाकडून ऐकलं असेल, तर शाळांच्या संस्थाचालकांकडून. वाचनप्रेरणा दिनाला, १५ ऑक्टोबरला, हमखास. भाषण होतं, कलामसाहेबांच्या फोटोला हार होतो, मुलांना मांडी घालून बसवून हातात पुस्तक देऊन फोटो काढतात, फोटो वर पाठवतात. कधी त्या फोटोतली पुस्तकं नीट बघा. 'यशाची गुरुकिल्ली', 'थोर विचार', जाड कागदाचं निबंधांचं पुस्तक. दुसरीतल्या पोराच्या हातात!

ही पुस्तकं तिथे कशी येतात ते सांगते, कारण मी त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेली आहे.

तीन वर्षांपूर्वी एका शाळेतून बोलावणं आलं. नाव सांगणार नाही, विचारूही नका. ग्रंथालयासाठी ६० हजारांची खरेदी. मी रात्रभर बसून यादी केली. पहिली-दुसरीला माधुरी पुरंदरेंची 'राधाचं घर' आणि 'यश', प्रथमची छोटी पुस्तकं, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला, चौथी-पाचवीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, मोठ्यांसाठी 'तोत्तोचान'. प्रत्येक पुस्तकापुढे कुठल्या मुलाला आवडेल ते लिहिलं. समोरच्या साहेबांनी यादी उलटी ठेवली. म्हणाले, "ताई, हे सगळं ठीक आहे. परसेंटेज किती?"

मी म्हटलं, मला ३० सुटतात, त्यातले १० शाळेला सूट देते.

ते हसले. "चाळीस देणारे बाहेर बसलेत. आणि बिल पूर्ण रकमेचं लागेल."

बाहेर खरोखरच एक जण बसला होता. त्याच्याकडे छापील किंमत ३०० ची, पण छापायला २५ रुपये पडतील अशी पुस्तकं होती. खास याच बाजारासाठी छापतात ती. दुकानात कधी दिसणार नाहीत, कारण पैसे मोजून ती कुणीच घेणार नाही. लेखकाचं नाव नाही, चित्रकाराचं तर नाहीच. इंटरनेटवरून उचललेली चित्रं. गठ्ठा येतो, शिक्के बसतात, कपाटात जातो, कपाटाला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांकडे, कारण पुस्तक हरवलं तर बाईंच्या पगारातून कापायची भीती. आणि मग १५ ऑक्टोबरला भाषण, की मुलं वाचत नाहीत.

अहो, त्या कपाटातलं पुस्तक तुम्ही तरी वाचाल का?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय, प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची पुस्तकं, गोष्टींच्या पुस्तकांसह. गोष्टींचा वेगळा उल्लेख आहे, बरं का. सरकारी शाळांना समग्र शिक्षामधून ग्रंथालयासाठी इयत्तेनुसार वर्षाला ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. खासगी शाळांचं तर काय, फीच्या पावतीत 'लायब्ररी' असा रकाना असतो. काढून बघा. तुम्ही पैसे दिलेले आहेत. प्रश्न पैशांचा नाहीच. पुस्तकं कोण निवडतं आणि कशावरून निवडतं, हा प्रश्न आहे.

सगळे शिक्षक असे नाहीत, हे लिहिलं नाही तर मला पाप लागेल. माझं दुकान चालतं ते निम्मं जिल्हा परिषदेच्या शिक्षकांमुळे. जत, कवठेमहांकाळ भागातले गुरुजी आणि बाई महिन्याच्या पगारातून ५००-७०० रुपये बाजूला काढतात, शनिवारी एसटीने येतात, दोन तास खाली बसून पुस्तकं चाळतात आणि पिशवी भरून नेतात. एक बाई तर पुस्तक घेण्याआधी मोठ्यांदा वाचून बघतात. "वर्गात वाचताना जीभ अडखळली तर पोरं हसतात," म्हणतात. पुढच्या खेपेला येऊन सांगतात, कुठलं पुस्तक फाटलं. फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक. मी त्यांची फाटलेल्यांची यादी जपून ठेवते आणि तीच पुस्तकं पुन्हा मागवते. माझं सगळं मार्केटिंग एवढंच आहे.

लोक विचारतात, दुकान चालवण्याचं गुपित काय. गुपित काही नाही. पुस्तकं मुलांच्या उंचीवर ठेवली. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली नाहीत. 'हात लावू नको' असं अकरा वर्षांत म्हटलं नाही. खेळणी आणि वॉटर बॅग ठेवायचा मोह दोन दिवाळ्यांना झाला, टाळला. प्रत्येक पुस्तक मी स्वतः वाचते, जे आवडत नाही ते कितीही मार्जिन असलं तरी ठेवत नाही. आणि वही आहे. कुठल्या मुलाने काय नेलं, काय आवडलं, काय अर्धवट सोडलं. आई येऊन म्हणाली 'काहीतरी संस्कारांचं द्या', तर मी वही उघडते आणि सांगते, तुमच्या मुलाला सध्या डायनोसोर चालू आहेत, संस्कार पुढच्या महिन्यात बघू. हे कुठल्याही वेबसाइटला जमणार नाही. आणि ते गृहस्थ परवा माझ्याकडून हेच फुकट घेऊन गेले. कुठलं पुस्तक घ्यायचं हे त्यांच्या मुलीला माझ्या दुकानात कळलं, पैसे गेले भलतीकडे.

२०१९ च्या पुरात आमचं गावभागातलं जुनं दुकान बुडालं. तेव्हाचं सांगते, कारण समाजकार्य म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पाणी उतरल्यावर आत गेलो तर सगळ्या पुस्तकांचा एकच लगदा झाला होता. लोक मदत घेऊन आले. मी देणगी घेतली नाही. म्हटलं, ५०० रुपये आगाऊ द्या, दुकान उभं राहिलं की तेवढ्याची पुस्तकं घेऊन जा. दोनशे घरांनी दिले. एक लाख रुपये झाले, त्यातून विश्रामबागेत हे दुकान उभं राहिलं आणि वर्षभरात एकूणएक घराची पुस्तकं देऊन झाली. ते दान नव्हतं, व्यवहार होता. म्हणूनच मला आज कुणाचंही उपकाराचं ओझं नाही आणि असं तोंड उघडून लिहिता येतं.

आता थोडं सरकारबद्दल, नाहीतर म्हणाल हिला फक्त शाळा दिसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. वह्यांवरचा कर शून्य, वहीच्या कागदावरचा शून्य. चांगलं झालं. पण पुस्तक ज्या कागदावर छापतात, त्याचा कर १२ वरून १८ टक्के! पुस्तकावर कर नाही, म्हणून प्रकाशकाला कागदावर भरलेला कर परतही मिळत नाही. तो शेवटी किमतीत येतो, म्हणजे ११० चं पुस्तक आणखी महाग. मुलाने लिहिलं तर करमाफी, वाचलं तर दंड. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये पोस्टाने स्वस्तातली रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केली. माझ्या जतच्या बाईंना पुस्तकं पाठवायची तर पुस्तकांपेक्षा टपाल जड. ओरड झाल्यावर मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली, ३०० ग्रॅमला २० रुपये, ५ किलोला १००, वर कर. चांगली सोय आहे, वापरा. पण मधले चार-पाच महिने छोट्या विक्रेत्यांनी काय केलं, हे विचारायला कुणी आलं नाही.

आणि आपण स्वतः? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदीच्या निर्णयावर अख्खा महाराष्ट्र पेटला, सरकारला जूनअखेर दोन्ही जीआर मागे घ्यावे लागले. मीही त्या विरोधात होते, आजही आहे. पण त्या जून-जुलैची माझी वही मी काढून बघितली. मराठी पुस्तकांची विक्री आदल्या वर्षीएवढीच. एक पुस्तक जास्त नाही. स्टेटसला मराठी ठेवणारी कितीतरी मंडळी माझ्याकडे येऊन विचारतात, "इंग्लिशमध्ये आहे का हो हे? त्याला मराठी वाचायचा कंटाळा येतो." तो सहा वर्षांचा आहे. त्याला कंटाळा कुणी शिकवला?

कमेंटमध्ये 'तुमच्या कार्याला सलाम' लिहू नका, प्लीज. त्यापेक्षा पुढच्या पालकसभेत उभं राहून विचारा: या वर्षी ग्रंथालयासाठी किती रुपयांची पुस्तकं घेतली? यादी दाखवता का? माझ्या मुलाने जूनपासून त्यातली किती घरी आणली? यादी मिळाली तर मला पाठवा, शाळेचं नाव झाकून. कुठलं पुस्तक कुठल्या बाजारातलं आहे ते मी फुकट सांगेन. एवढं मात्र समाजकार्य समजा हवं तर.

आणि त्या गृहस्थांनी ही पोस्ट वाचली, तर त्यांना निरोप. ती दोन्ही पुस्तकं बाजूला काढून ठेवली आहेत, तुमच्या मुलीने पान दुमडून खूण केलेली. १२० आणि ९५. दुकान रविवारी सकाळीही उघडं असतं.